नदीत उतरणारे सरकारी नोकर

मुलांनो, ‘सरकारी नोकर’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं? टपाल घेऊन येणारे पोस्टमनकाका, सातबाराचा उतारा देणारे तलाठी भाऊसाहेब, चौकातले हवालदार... आणि हो, जिल्हा परिषदेच्या शाळेतले आम्ही गुरुजी-बाईसुद्धा! पण अंगात रबरी पोशाख, डोळ्यांवर पाण्यात घालायचा मोठा चष्मा आणि तोंडात श्वास घ्यायची नळी, अशा थाटात बर्फासारख्या गार नदीत पालथं पडून मासे मोजणारा सरकारी नोकर पाहिलाय कधी?

थट्टा नव्हे, अगदी खरं सांगते! अमेरिकेत असे कितीतरी लोक आहेत. ते जीवशास्त्रज्ञ असतात. पगार सरकार देतं आणि काम असतं मासे, पक्षी, प्राणी आणि मुख्य म्हणजे त्यांची घरं सांभाळायचं. घर म्हणजे नुसतं घरटं किंवा बीळ नाही बरं का! एखादा जीव जिथे जन्मतो, खातो-पितो, हिंडतो, पिल्लं वाढवतो ती सगळी जागा म्हणजे त्याचं घर. शास्त्राच्या पुस्तकात त्याला ‘अधिवास’ म्हणतात. माशाच्या अधिवासात पाणी तर आलंच. पण तळाचे गोटे, पाण्याचा गारवा, काठच्या झाडांची सावली आणि येण्याजाण्याची वाट हेही आलं. यातली नुसती वाट बंद झाली तर काय होतं आणि ती पुन्हा उघडायला किती वर्षं खपावं लागतं, ते सांगणारी एक खरी गोष्ट आज वाचू या.

चढणीचे मासे

कोकणातल्या मुलांना चढणीचे मासे ठाऊक असतात. मृगाचा जोरदार पाऊस पडला, ओढे खळाळू लागले की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. कुठे कुठे यांना वलगणीचे मासे म्हणतात. बॅटऱ्या, पाग, टोपल्या घेऊन लोक रात्रीच धावतात. पण हे मासे एवढी धडपड करून वर का चढतात? अंडी घालायला! पिल्लांना वाढायला सुरक्षित, उथळ पाणी हवं असतं ना, म्हणून.

असाच, पण कितीतरी मोठा प्रवास सॅमन नावाचा मासा करतो. पॅसिफिक महासागरातले सॅमन जन्मतात गोड्या पाण्यात, डोंगरातल्या नदीच्या गोट्यांमध्ये. थोडे मोठे झाले की नदीबरोबर समुद्रात जातात. तिथे काही वर्षं खाऊन-पिऊन धष्टपुष्ट होतात आणि मग एक दिवस परत फिरतात. कुठे? तर ज्या नदीत जन्मले, त्याच नदीत! आपल्या नदीच्या पाण्याचा वास त्यांना ओळखता येतो. प्रवाहाविरुद्ध पोहत, धबधब्यांवर उड्या मारत ते वर जातात. मादी शेपटीने गोटे बाजूला सारून खळगा करते, त्यात अंडी घालते. आणि मग बहुतेक सॅमन तिथेच मरतात. पण त्यांचं मरणही वाया जात नाही. अस्वलं, गरुड, कोल्हे त्यांना खातात; उरलेलं कुजून मातीत जातं. समुद्रातलं खत डोंगरातल्या झाडांच्या मुळाशी पोचतं, ते या माशांच्या पाठीवरून!

एल्वा नदीला लागलेलं कुलूप

अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन नावाचं राज्य आहे. तिथल्या ऑलिंपिक पर्वतरांगांतून एल्वा नावाची नदी उत्तरेकडे धावत समुद्राला मिळते. लांबी जेमतेम ७२ किलोमीटर. पण श्रीमंती अशी, की पॅसिफिक सॅमनच्या पाचही प्रमुख जाती या एका नदीत येत. दरवर्षी अंदाजे ४ लाख मासे परतत असावेत, असं शास्त्रज्ञ सांगतात. नदीच्या मुखापाशी क्लॅलम हे आदिवासी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. सॅमन हेच त्यांचं अन्न, तोच त्यांचा सण. १८५५ साली सरकारने त्यांच्याशी करार केला. त्यात जमीन सरकारने घेतली, पण नेहमीच्या जागी मासे धरण्याचा त्यांचा हक्क मान्य केला.

मग १९१० साली नदीवर एक धरण बांधायला सुरुवात झाली. वीज हवी होती, गिरण्या चालवायच्या होत्या, पोर्ट अँजेलिस हे गाव वाढवायचं होतं. वीज वाईट का? मुळीच नाही. पण त्या राज्यात १८९० पासून एक कायदा होता. जिथे मासे चढतात तिथे धरण बांधलं, तर माशांसाठी वाट ठेवलीच पाहिजे, असा. म्हणजे धरणाच्या बाजूने पाण्याच्या पायऱ्यांचा जिना करायचा आणि त्यावरून मासे टप्प्याटप्प्याने उड्या मारत वर जातात. एल्वाच्या धरणाला असा जिना ठेवलाच नाही.

१९११ साली जे. डब्ल्यू. पाइक नावाचे एक सरकारी रक्षक तिथे पाहणीला गेले. शिकारीवर आणि मासेमारीवर नजर ठेवणं हे त्यांचं काम. धरणाच्या पायथ्याशी हजारो सॅमन तटलेले त्यांनी पाहिले. मग ते धरणाच्या वर गेले, मुख्य नदी शोधली, तिला मिळणारे ओढे शोधले. एकही सॅमन सापडला नाही. त्यांनी जे पाहिलं ते वरिष्ठांना पत्राने कळवलं. सनसनाटी काही नाही, साधं पत्र. धरणाखाली हजारो, धरणावर शून्य.

पत्र पोचलं, पण जिना झाला नाही. पुढे राज्याच्या मत्स्य खात्याने एक पळवाट काढली. जिना नको, त्याऐवजी धरणाजवळ मत्स्यबीज केंद्र काढा. म्हणजे मासे धरायचे, त्यांची अंडी काढायची, टाक्यांमध्ये पिल्लं वाढवायची आणि नदीत सोडायची. ऐकायला छान वाटतं ना? पण ते केंद्र १९२२ मध्ये बंद पडलं. धरण मात्र उभंच राहिलं. १९२७ मध्ये त्याच्याही वर ग्लाइन्स कॅन्यन नावाचं दुसरं धरण झालं. पहिलं ३३ मीटर उंच, दुसरं ६४ मीटर. माशांना उरली मुखापासूनची फक्त ८ किलोमीटर नदी. वरची सव्वाशे किलोमीटरच्या आसपासची मुख्य नदी आणि तिचे ओढे, सगळं कुलूपबंद!

उरलेल्या ८ किलोमीटरांतही सुख नव्हतं. नदी डोंगरातून बारीक खडी, वाळू, मोडलेली झाडं आणत असते. ती सगळी धरणाच्या मागे अडली. खाली उरले मोठाले धोंडे. त्यात मादी खळगा करणार कसा? नदीच्या मुखाजवळचा किनाराही वाळूवाचून झिजू लागला. चार लाखांचे मासे चार हजारांच्याही खाली आले.

धरण पाडायचं?

१९८६ च्या सुमाराला धरणांच्या परवान्यांचा प्रश्न सरकारपुढे होता, तेव्हा क्लॅलम लोक पुढे आले. ‘आमचे मासे आम्हाला परत द्या, धरणं काढा,’ असं त्यांनी सांगितलं. नदीचा बराचसा भाग ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातून जातो, त्यामुळे उद्यानाचे अधिकारीही विचारात पडले. कुणी म्हणालं, आता तरी जिने बांधा. कुणी म्हणालं, एकच धरण काढा. आणि धरणाची वीज वापरणारी कागद गिरणी होती, गावाला लागणारं पाणी होतं. त्यांचं काय?

इथे आपल्या रबरी पोशाखातल्या मंडळींचं काम सुरू होतं. कोणत्या जातीचा मासा किती वर चढू शकेल? पिल्लं परत समुद्राकडे जाताना धरणाच्या यंत्रात किती मरतील? पाण्याचा गारवा किती राहील? अशा प्रश्नांची उत्तरं ओरडून मिळत नाहीत. नदीत उतरून, मोजून, वर्षानुवर्षं वह्या भरून मिळतात. या अभ्यासातून निघालं ते असं, की नदी पुरती सुधारायची तर दोन्ही धरणं काढण्यावाचून इलाज नाही. १९९२ साली अमेरिकेच्या संसदेने एल्वा नदीच्या पुनरुज्जीवनाचा कायदा केला. पुढे २००० साली सरकारने दोन्ही धरणं विकत घेतली. कागद गिरणीसाठी दुसरीकडून वीज घ्यायची सोय केली, गावाच्या पाण्यासाठी शुद्धीकरणाचे प्रकल्प बांधले. एकंदर खर्च सुमारे साडेबत्तीस कोटी डॉलर!

आणि सप्टेंबर २०११ मध्ये धरण फोडायला सुरुवात झाली.

गाळाचं काय करायचं?

तुम्ही म्हणाल, सुरुंग लावला की झालं! नाही रे बाबांनो. दोन्ही धरणांमागे सुमारे २ कोटी घनमीटर गाळ साठला होता. एका डंपरमध्ये १० घनमीटर मावतात असं धरलं, तर किती डंपर होतील? करा गणित! बरोबर, २० लाख! एवढा गाळ एकदम सुटला असता तर माशांच्या कल्ल्यांत चिखल भरून उरलेसुरले मासेही गुदमरले असते.

म्हणून जीवशास्त्रज्ञांनी वेळापत्रक घातलं. धरण थोडं थोडं कापायचं. मासे नदीत शिरायच्या आणि पिल्लं बाहेर पडायच्या दिवसांत काम थांबवायचं. काही प्रौढ मासे गढूळ पाण्यातून उचलून स्वच्छ ओढ्यांमध्ये नेऊन सोडले. जातच नष्ट होऊ नये म्हणून काही मासे क्लॅलम लोकांच्या नव्या मत्स्यबीज केंद्रात वाढवले. यावरून शास्त्रज्ञांमध्ये वादही झाले. काहींचं म्हणणं होतं, टाकीत वाढलेल्या माशांची गर्दी झाली तर रानटी मासे मागे पडतील. नदीला तिच्या हिमतीवर सोडा. शास्त्रज्ञांचंसुद्धा सगळ्या गोष्टींत एकमत नसतं, हे लक्षात ठेवा. मोजून बघणं मात्र सगळ्यांनाच मान्य असतं.

अडचणी तर येतच होत्या. शुद्धीकरण प्रकल्पात गाळ-काटक्या अडकल्या, तेव्हा वरच्या धरणाचं काम जवळजवळ वर्षभर थांबवावं लागलं. खालचं धरण मार्च २०१२ पर्यंत गेलं. वरच्या धरणाचा शेवटचा तुकडा ऑगस्ट २०१४ मध्ये उडवला. रिकाम्या झालेल्या तलावांच्या उघड्या जमिनीवर स्थानिक झाडांची लाखो रोपं लावली. २०१२ मध्ये तिथेच, इतकी वर्षं पाण्याखाली बुडालेला एक खडक क्लॅलम लोकांना दिसला. आपल्या लोकांची निर्मिती झाली असं त्यांच्या कथा सांगतात, ती ही जागा! म्हातारी माणसं लहानपणापासून ऐकत आली होती. डोळ्यांनी पाहिलं ते आता.

मासे मोजायचे कसे?

जनगणनेच्या वेळी आम्ही शिक्षक घरोघर जातो, दार वाजवतो आणि ‘घरात माणसं किती?’ असं विचारतो. माशांना विचारायचं कसं? मग या लोकांनी निरनिराळ्या युक्त्या योजल्या आहेत.

पहिली युक्ती सगळ्यात साधी. नळी तोंडात धरून नदीत तरंगायचं आणि दिसतील ते मासे मोजायचे. दुसरी, काठाने चालत खळगे मोजायचे. ताजा उकरलेला खळगा आजूबाजूच्या गोट्यांपेक्षा उजळ दिसतो. खळगे मोजले की माद्यांचा अंदाज येतो. तिसरी युक्ती गढूळ पाण्यासाठी. पाण्यात ध्वनिलहरी सोडणारं यंत्र ठेवायचं. लहरी माशावर आपटून परत येतात आणि पडद्यावर माशाची हलती आकृती उमटते. वटवाघूळ अंधारात वाट शोधतं ना, त्यातलाच हा प्रकार. चौथी युक्ती, माशाला बारीकसं रेडिओयंत्र बसवायचं. मग तो कुठवर चढला ते काठावर बसून कळतं. आणि पाचवी तर भलतीच गमतीची! माशाच्या कानात एक खड्यासारखा तुकडा असतो. मेलेल्या माशाचा तो तुकडा कापून पाहिला की झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. त्यावरून वय तर कळतंच, पण हा मासा नदीत जन्मला की मत्स्यबीज केंद्रात, याचाही माग काढता येतो.

या मोजणीचा उपयोग काय, तेही पाहा. वरचं धरण उडवल्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर २०१४ मध्ये, त्या जागेच्या वर पोहणाऱ्या जीवशास्त्रज्ञांना तीन मोठे चिनूक सॅमन दिसले. शंभरहून अधिक वर्षांनी! किती आनंद झाला असेल! पण आनंदात मोजणी थांबली नाही. पुढे लक्षात आलं, की धरणाच्या जागेखाली कोसळलेल्या प्रचंड शिळांनी वाट पुन्हा अडवली आहे. वर जाणारे बहुतेक मासे तिथेच अडखळत होते. काठावरून पाहणाऱ्याला नदी मोकळीच दिसली असती. रेडिओयंत्रांनी खरं सांगितलं. मग २०१५-१६ मध्ये त्या शिळा फोडल्या आणि कुलूप खऱ्या अर्थाने निघालं.

आज काय दिसतं?

नदीने वाहून आणलेल्या वाळूने मुखापाशी नवा किनारा तयार झाला आहे. पाण्याखाली चालणारा डिपर नावाचा छोटा पक्षी सॅमनची अंडी खाऊन पुष्ट होऊ लागला आहे. स्टीलहेड हा समुद्रात जाऊन येणारा ट्राउट मासा. त्याचे उन्हाळ्यात चढणारे मासे जवळपास नाहीसेच झाले होते, ते पुन्हा वर जाऊ लागले. गंमत म्हणजे त्यांचा वंश धरणांच्या वर अडकून पडलेल्या ट्राउटनी जपला होता. समुद्र न पाहिलेल्या माशांच्या पोरांनी वाट उघडताच समुद्राची वाट धरली!

सगळंच आबादीआबाद आहे असं मात्र नाही. चिनूकमध्ये बरेचसे मासे मत्स्यबीज केंद्रातले आहेत. काही जातींची संख्या म्हणावी तशी वाढलेली नाही. धरण काढायच्या वेळी नदीत मासेमारी बंद केली होती. क्लॅलम लोकांनी स्वतःच्याच नदीत बारा वर्षं जाळं टाकलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोजून-मापून, ठरावीक कोहो सॅमन धरायची परवानगी त्यांना मिळाली. ज्यांच्यासाठी मासा म्हणजे सण, त्यांनी बारा वर्षं थांबणं सोपं नव्हतं.

आणि विचार करा, १९११ मध्ये पाइकसाहेबांचं ते पत्र मनावर घेतलं असतं, धरणाला वेळीच जिना केला असता, तर पुढची शंभर वर्षं मासे आणि वीज यांची थोडीफार तरी सांगड घालता आली असती. घर मोडायला दोन-तीन वर्षं पुरली. ते पुन्हा उभारायला शतक उलटून गेलं.

आपल्याकडे असे लोक आहेत का?

आहेत तर! आपल्या गंगेतही हेच दुखणं आहे. हिल्सा मासा बंगालच्या उपसागरातून गंगेत चढून पार अलाहाबादपर्यंत, म्हणजे आजच्या प्रयागराजपर्यंत जात असे. १९७५ मध्ये फराक्का बंधारा सुरू झाला आणि त्याची वाट अडली. बंगालमध्ये बराकपूरला केंद्र सरकारची गोड्या पाण्यातल्या माशांवर संशोधन करणारी संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ हिल्सा धरून, काहींना खुणेची पट्टी लावून, बंधाऱ्याच्या वरच्या पाण्यात सोडतात. पट्टीवाला मासा पुढे कुणाच्या जाळ्यात सापडला, की तो कुठवर गेला ते समजतं. म्हणजे जाळं टाकणारे कोळीबांधवसुद्धा शास्त्रज्ञांना मदत करतात.

आपल्या महाराष्ट्रात वनविभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून खाडीकाठची तिवरं राखतो. तिवरांच्या मुळांत मासे-कोळंबीची पिल्लं वाढतात, म्हणजे ती समुद्राची बालवाडीच की!

पालकांसाठी दोन शब्द. मुलांना प्राण्यांची आवड असली की आपण पटकन डॉक्टरकीचंच नाव घेतो. पण प्राणिशास्त्र, मत्स्यशास्त्र, वनशास्त्र शिकूनही चांगली नोकरी मिळू शकते. रत्नागिरीजवळ शिरगावला, तसंच नागपूर आणि उदगीरला मत्स्यशास्त्राची महाविद्यालयं आहेत. भारतीय वनसेवेची परीक्षा आहे, शासनाचा मत्स्यव्यवसाय विभाग आहे, संशोधन संस्था आहेत. मात्र मुलांना पोहता आलं पाहिजे, चिखलाचा कंटाळा येता कामा नये आणि गणितावर रुसून चालायचं नाही, कारण या नोकरीत अर्धा वेळ नदी आणि अर्धा वेळ आकडेमोड असते!

आणि मुलांनो, सुरुवात करायला मोठं व्हायची वाट कशाला पाहता? एक शंभर पानी वही घ्या. गावातला ओढा, तळं, खाडी, जे जवळ असेल ते निवडा. घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि काठावरूनच बघा, पुरात उतरायचं नाही! तारीख लिहा, पाऊस किती झाला ते लिहा, कोणते मासे, बेडूक, पक्षी दिसले ते लिहा. नाव माहीत नसेल तर चित्र काढा. मग आजी-आजोबांना विचारा, ‘तुमच्या लहानपणी इथे कोणते मासे चढायचे? आता कोणते येत नाहीत? वाट कुठे अडली?’ त्यांनी सांगितलेली नावंही वहीत उतरवून ठेवा. पुढच्या पावसाळ्यात तीच वही उघडून ताडून बघा आणि वर्गात बाईंना दाखवा.